लाल रेघ बंद करायला लागतात दोन मिनिटं

कॉम्प्युटर खात्यातल्या माणसाची आठवण लोकांना मशीन बंद पडल्यावर होते. एरवी तो आहे की नाही याची कोणाला फिकीर नसते, आणि खरं सांगतो, मला ते बरंच वाटायचं. देऊळगाव राजाजवळच्या एका बियाणं कंपनीच्या प्लांटवर मी बावीस वर्षं हे काम केलं. प्लांटवर मला सगळे ‘वानखेडे भाऊ’ म्हणत आणि हेड ऑफिसला, म्हणजे पुण्याला, ‘तिकडचे आयटीवाले’.

संपादक म्हणाले, गमतीजमती लिहा. गमती भरपूर आहेत. एका दसऱ्याला गेटवरच्या मंडळींनी प्रिंटरची पूजा केली आणि हळद-कुंकू भक्तिभावाने कागदाच्या ट्रेमध्येच वाहिलं. पुढचे चार दिवस प्लांटमधून निघणाऱ्या गाड्यांचे गेटपास पिवळे निघत होते. चिखलीच्या ऑफिसातल्या एका साहेबांनी ‘कॉम्प्युटर मेला’ म्हणून तातडीने बोलावलं, तेव्हा एसटी हुकलेली, मी जीपमध्ये मागच्या बाजूला कोंबून घेऊन गेलो. पाहतो तर भिंतीवरचं बटण बंद. मी बटण दाबलं. साहेबांनी चहा पाजला आणि म्हणाले, तुमचा हात लागला की चालू होतंच बघा. यावर माणूस काय बोलणार? चहा पिऊन आलो.

असं बरंच लिहिता येईल. पण कागद समोर घेतला की डोक्यात रशीदभाई येतो, आणि ती गोष्ट गमतीची नाही. ती मी आजवर घरीसुद्धा नीट सांगितलेली नाही, कारण तिच्यात माझी बाजू फारशी शोभेची नाही.

रशीदभाई आमचा ड्रायर ऑपरेटर. ज्यांना बियाण्याचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या भागात शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीच्या मांडवाखाली, मिरची, टोमॅटो, काकडी यांचं बी तयार करतात. फळातून काढलेलं बी ओलं असतं. ते मोठ्या लोखंडी पेट्यांमध्ये पसरून खालून कोमट हवा सोडतात. हवा कमी पडली तर बी कुबट होतं, जास्त तापली तर बी आतून मरतं. वाईट म्हणजे मेलेलं बी दिसायला जिवंत बियासारखंच असतं. पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेत उगवलं नाही, की तेव्हा कळतं. म्हणून ड्रायरवरचा माणूस हा प्लांटचा जीव. रशीदभाई मीटर पाहायचाच, पण मीटर पाहून झालं की हात कोपरापर्यंत बियात घालायचा, डोळे मिटायचा आणि मग सांगायचा, ‘हाव, बराबर हाय.’ वीस वर्षांत त्याचा हात चुकल्याचं मला आठवत नाही.

आमच्याकडे पाळी बदलताना निरोप तोंडी द्यायची पद्धत होती. त्यात भांडणं फार. मी सांगितलं होतं, तू सांगितलंच नाही, असं रोजचं. मग पुण्याने एक चॅटचं ॲप घेतलं. प्रत्येक विभागात एक कॉम्प्युटर, प्रत्येक विभागाचा एक ग्रुप, आणि पाळी संपताना जे सांगायचं ते तिथं लिहायचं. तोंडी सांगितलेलं धरलं जाणार नाही, असा नियम झाला. कल्पना चांगली होती. आजही मी तिला वाईट म्हणणार नाही.

आता आमच्या प्लांटवर लिहायच्या किती तऱ्हा, ते ऐका. देवनागरीत टाइप करणारे आम्ही तीन-चार जण. बाकीचे सगळे मराठीच लिहायचे, पण इंग्रजी अक्षरांत, मोबाइलवर लिहितात तसं. त्यात वऱ्हाडी. कोणी हिंदी, तीही इंग्रजी अक्षरांतच. कंपनीची हैदराबादची लॅब इंग्रजीत लिहायची, पण मधूनच तेलुगू डोकावायचं. आणि हे ॲप आलं होतं फक्त इंग्रजीचं शुद्धलेखन तपासायच्या सोयीसकट. इंग्रजी नसलेला प्रत्येक शब्द त्याला चूक वाटायचा. लिहिता लिहिता शब्दाखाली लाल नागमोडी रेघ यायची. रशीदभाईने एक ओळ लिहिली की तिच्यात ‘ड्रायर’ आणि ‘मीटर’ एवढेच दोन शब्द रेघेतून सुटायचे.

पहिल्याच आठवड्यात त्याने मला विचारलं. ड्रायरच्या खोलीत पाच-सहा जण होते.

‘भाऊ, हे लाल रेघ कोन ओढून राह्यलं?’

मी घाईत होतो, आणि घाईत माझी जीभ फार चालते. मी म्हटलं, ‘पुण्यात एक मास्तर बसवलाय रशीदभाई. तुमचा पेपर तपासून राह्यला.’ सगळे हसले. रशीदभाईही हसला. मी निघून गेलो आणि विसरलोही.

ते विसरले नाहीत. खरोखरचा मास्तर बसलाय असं कोणाला वाटलं नाही, एवढे भोळे ते नव्हते. पण माझ्या बोलण्यातून त्यांनी एक गोष्ट पक्की धरली. लाल रेघ निरोपाबरोबर पुण्याला जाते, असं त्यांना वाटू लागलं. शाळेच्या वहीवर लाल शाईची खूण जशी घरच्यांनाही दिसते, तशी आपली ओळ लालभडक होऊन साहेबांच्या समोर उघडते, असा त्यांचा समज झाला. प्रत्यक्षात ती रेघ फक्त लिहिणाऱ्याला दिसते. बटण दाबलं की तिथंच राहते, पलीकडे साधा मजकूर जातो. हे सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. पण कोणी विचारलं नाही आणि मला सुचलं नाही.

मग प्लांटवर एक नवीच रीत पडली. प्रयोगशाळेत शुभांगी इंगळे नावाची मुलगी होती. बुलढाण्याला शिकलेली, इंग्रजी चांगलं, स्वभाव त्याहून चांगला. लोक पाळी संपताना तिच्याकडे जाऊ लागले. तिच्या टेबलाशी उभं राहून निरोप सांगायचा, आणि ती तिच्या कॉम्प्युटरवरून इंग्रजीत लिहायची. तिच्या ओळीखाली रेघ येत नव्हती. ड्रायरचा निरोप, पॅकिंगचा निरोप, गोदामाचा निरोप, सगळं शुभांगीच्या नावाने जाऊ लागलं. पुण्याला वाटलं, प्लांटवर शिस्त आली. मला वाटलं, ॲप रुळलं. महिन्याच्या अहवालात मी तसं लिहिलंसुद्धा.

शुभांगी एकदा मला म्हणाली होती, ‘सर, ती रेघ बंद होत नाही का? चाचा अन् ते सगळे फार लाजतात तिला.’ रशीदभाईला ती चाचा म्हणायची. मी म्हटलं, लक्ष नको द्यायला, सवय होईल. सेटिंगला हात लावायचा तर पुण्याला मेल करा, परवानगी काढा, हे सगळं आलं. आणि मनात आणखी एक होतं, ते आता लिहून टाकतो. मी स्वतः पुण्याला फोनवर बोलताना जिभेला लगाम घालून बोलणारा माणूस. ‘मले’चं ‘मला’ करायला मला किती वर्षं लागली ते माझं मला ठाऊक. आपण शिकलो तसं यांनीही शिकावं, असं कुठंतरी आत वाटत होतं. आज त्याची लाज वाटते.

त्या दिवशी रशीदभाई सकाळच्या पाळीला होता. ड्रायर दोनमध्ये मिरचीचं बी होतं. दुपारच्या सुमारास त्याच्या हाताला ते जास्त गरम लागलं. मीटर मात्र बरोबर आकडा दाखवत होतं. त्याने मीटरवर विश्वास ठेवला नाही, हवेची झडप अर्धी बंद केली आणि बी पुन्हा जागेवर आणलं. त्याचं काम त्याने चोख केलं. आता दुपारच्या पाळीला एवढंच सांगायचं होतं, की या मीटरवर जाऊ नका.

दुपारच्या पाळीचा गजानन चिखलीकडून यायचा. त्याची बस उशिरा होती. रशीदभाईला बायकोला घेऊन जालन्याच्या डॉक्टरकडे जायचं होतं, नंबर लावलेला होता. तो शुभांगीकडे गेला. ती परीक्षेसाठी बुलढाण्याला गेलेली, दोन दिवसांची रजा. फोन लावला तर बंद. तो परत ड्रायरच्या खोलीत आला, कॉम्प्युटरसमोर बसला, काही वेळ बसून राहिला असं नंतर पॅकिंगच्या बायकांनी सांगितलं. मग उठला आणि गेटवरच्या शिपायाला सांगून गेला, की गजाननले ड्रायर दोन पाहाले सांग. शिपायाने निरोप दिला. गजाननने ड्रायर दोन पाहिलाही. मीटरवर आकडा बरोबर होता. झडप अर्धी बंद दिसली, ती त्याने चूक समजून पूर्ण उघडली.

पंधरा दिवसांनी त्या लॉटचं बी उगवलं नाही.

मीटर बिघडलेलं निघालं, त्यामुळे चूक मशीनची हे सगळ्यांना मान्य होतं. प्रश्न एवढाच उरला की ते कळलं होतं का, आणि कळलं होतं तर सांगितलं का नाही. रशीदभाई म्हणाला, कळलं होतं. गजानन म्हणाला, मला कोणी मीटरचं बोललं नाही. ग्रुपवर त्या दिवसाचा निरोप नव्हता. नियम तर स्पष्ट होता, लिहिलेलं तेच धरायचं. मग रशीदभाईला काढायचं ठरल्यासारखं झालं. एक बैठक ठेवली, पुण्याचे लोक पडद्यावर, आम्ही प्लांटच्या हॉलमध्ये. मला सांगितलं, त्या दिवशीच्या सगळ्या नोंदी काढून ठेवा.

बैठकीच्या सकाळी मी ड्रायरच्या खोलीतला कॉम्प्युटर उघडला. या ॲपची एक खोड आहे. तुम्ही काही लिहिलं आणि न पाठवता उठून गेलात, तर ते पुसलं जात नाही. ज्याला लिहीत होता त्याच्या नावाखाली ‘अर्धवट’ म्हणून राहून जातं. वापरणाऱ्याला बहुधा हे ठाऊक नसतं. रशीदभाईच्या खात्यात असे दोन निरोप होते. एक ग्रुपसाठी, त्याच दुपारचा. इंग्रजी अक्षरांत होता, मी आपल्या अक्षरांत देतो:

‘ड्रायर दोनचं मीटर खोटं दाखवून राह्यलं. बी हाताले गरम लागते. मी झडप अर्धी लावली. गजानन मीटर पाहू नको, हात घालून पाह्य.’

पूर्ण निरोप. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. फक्त पाठवलेला नव्हता. आणि ‘ड्रायर’, ‘मीटर’ सोडून दर शब्दाखाली लाल रेघ.

दुसरा निरोप माझ्या नावाने होता, बराच जुना. ‘भाऊ, रेघ बंद करता येत असन तर करा. मी म्हटलं म्हनून कोनाले सांगू नका.’

बाहेर पॅकिंगच्या मशीनचा आवाज चालू होता. खूप वाईट वाटलं, आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. माझ्या हातात आता पुरावा होता. रशीदभाईची नोकरी मी वाचवू शकत होतो.

बैठकीत साठे मॅडम होत्या, पुण्याच्या प्रमुख. कडक, पण सरळ बाई. त्यांनी रशीदभाईला विचारलं, तुम्हाला मीटरचं कळलं होतं तर निरोप का नाही लिहिला? रशीदभाई शेवटच्या खुर्चीत बसला होता, पांढरा शर्ट घालून. तो म्हणाला, नाही धाडला. का, असं त्यांनी पुन्हा विचारलं. एकदा त्याने माझ्याकडे पाहिलं असं मला वाटतं. पण तो बोलला नाही. रेघेचं कारण सांगण्यापेक्षा नोकरी जाऊ द्यावी, इथवर त्याचं ठरलेलं होतं, हे मला तेव्हा समजलं नाही.

मी हात वर केला. म्हटलं, मॅडम, निरोप लिहिला होता. आणि मी ड्रायरच्या कॉम्प्युटरचा पडदा सगळ्यांसमोर भिंतीवर लावला. पहिला निरोप मोठ्याने वाचला. मग लाल रेघेचं सगळं सांगितलं, माझ्या मास्तरच्या विनोदासकट. तरी पुण्याच्या बाजूचे एकजण म्हणाले, लिहून न पाठवणं म्हणजे न लिहिणंच झालं. तेव्हा मला राहवलं नाही. हा माणूस महिनोन्महिने या रेघेला भिऊन होता, याचाही पुरावा आहे, असं म्हणून मी दुसराही निरोप उघडला. माझ्या नावाचा. तोही वाचला, शेवटच्या वाक्यासकट.

पडद्यावर कोणीतरी हसलं. वाईट हसू नसेल, पण हसलं. मॅडमनी त्याचा आवाज बंद केला. गजानन जमिनीकडे पाहत होता.

मॅडमनी मला विचारलं, ‘ही रेघ बंद करता येते?’

‘येते.’

‘किती वेळ लागतो?’

‘दोन मिनिटं.’

‘मग का नाही केली, वानखेडे?’

नोकरीच्या बावीस वर्षांत मला असा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला नाही, आणि याचं उत्तर मी अजून शोधतो आहे.

रशीदभाईची नोकरी राहिली. मॅडमनी तिथल्या तिथे सांगितलं, माणूस चुकला नाही, पद्धत चुकली. गजाननवरही काही आलं नाही. मी त्याच दुपारी शुद्धलेखन तपासणी सगळ्या प्लांटसाठी बंद केली. मुख्य खात्यातून एक खूण काढायची असते, बस्स. शुभांगीला तिची हवी होती, तिला तिच्यापुरती चालू करून दिली. ज्याला हवी त्याने लावावी, हे सुरुवातीपासून असायला हवं होतं. संध्याकाळी पॅकिंगच्या एका बाईंनी ग्रुपवर पहिल्यांदा स्वतः चार ओळी लिहिल्या. गोदामातून लगेच त्यांना उत्तर आलं. हळूहळू ग्रुप बोलू लागला, आणि काय सुंदर बोलायचा. पुण्याच्या लोकांना निम्मं कळायचं नाही, मग ते विचारायचे आणि आमचे लोक समजावून सांगायचे. मला वाटलं, झालं एकदाचं नीट.

रशीदभाई मात्र लिहीत नव्हता. एक आठवडा गेला, दोन गेले. शुभांगीलाही सांगायला जात नव्हता. पाळी संपली की गजाननच्या बसची वाट पाहत थांबायचा आणि तोंडाने सांगून जायचा, नियम काहीही असो. शेवटी मी ड्रायरच्या खोलीत गेलो. तो बी हलवत होता. मी म्हटलं, रशीदभाई, रेघ गेली आता, लिहा की. कोणाला काही दिसत नाही.

त्याने हात बियातून काढला, झटकला, फडक्याला पुसला. सावकाश. मग म्हणाला, ‘भाऊ, नोकरी तुमी वाचवली. मी मानतो, घरचेबी मानते. पन जे मी धाडलं नव्हतं, ते तुमी धाडलं.’

तो रागाने बोलला नाही. रागावला असता तर मी दोन शब्द उलटे बोललो असतो, माझा स्वभाव तसा आहे. पण तो पेटीकडे वळला. पहिला निरोप वाचला नसता तर त्याला काढलं असतं, हे खरंच आहे. पण दुसरा वाचायची गरज नव्हती. कोणाला सांगू नका, असं स्पष्ट लिहिलेलं वाक्य मी चाळीस माणसांसमोर वाचलं होतं, आणि वाचताना मला आपण फार भला माणूस असल्यासारखं वाटत होतं. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, जाऊ द्या. जाऊ द्या म्हणणारा माणूस किती जाऊ देतो ते त्यालाच ठाऊक.

त्यानंतर मी एक सुरू केलं, ते कोणी सांगितलं म्हणून नाही. त्याची पाळी संपायच्या वेळी मी रोज ड्रायरच्या खोलीत जायचो. मी टाइप करायचो, तो बोलायचा. त्याचेच शब्द, त्याचंच वऱ्हाडी, मी एक काना बदलत नव्हतो. मी निवृत्त होईपर्यंत, दोन वर्षं. सुरुवातीला तो दोनच शब्द बोलायचा. पुढे पुढे सविस्तर सांगू लागला, मध्येच बायकोच्या तब्येतीचं, लेकीच्या शाळेचं, आणि मग म्हणायचा, हे नका लिहू. मी ते नाही लिहिलं.

आणि लिहून झाल्यावर मी बटण दाबायचो नाही. खुर्ची त्याच्याकडे फिरवायचो आणि विचारायचो, ‘रशीदभाई, धाडू का?’

तो म्हणायचा, ‘थांबा. एकखेप वाचून दाखवा.’

मी वाचून दाखवायचो. तो डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकायचा, आणि मगच म्हणायचा, ‘हाव. आता धाडा.’